ठासणीच्या बंदुकीची गोळी : वेग किती, नेम किती (मोजून पाहिलं)

काळीमाती

आमच्या घरी एकनळी ठासणीची बंदूक आहे, म्हणजे दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून ठासून भरायची. पीक संरक्षणाचा परवाना आधी आजोबांच्या नावावर होता, मग वडिलांच्या, आता माझ्या. गाव केळापूर तालुक्यात, टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला. वावराच्या एका धुऱ्याला झुडपी जंगल लागून आहे. सोयाबीन शेंगेवर आलं की डुकरं, तूर फुलली की रोही (नीलगाय), हे आमचं दरवर्षीचं. बंदूक बहुतेक वेळा नुसता बार काढून कळप पिटाळायलाच लागते.

तरी या बंदुकीची गोळी किती वेगानं जाते आणि किती अंतरापर्यंत तिचा भरवसा धरावा, हे मला मोजायचं होतं. कारण सांगतो.

अकरा वर्षांपूर्वी, तुरीच्या दिवसांत, वनखात्याची लेखी परवानगी हातात असताना मी जागलीवरून (रात्रीच्या राखणीच्या जागेवरून) एका डुकरावर साठ पावलांवरून गोळी घातली. चांदणं होतं, माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा दाणा) स्वच्छ दिसत होती, हात हलला नव्हता. गोळी मागच्या पायाला लागली. रात्रभर बॅटरी घेऊन शोधलं, सापडलं नाही. सकाळी शेजारच्या वावरात कापूस वेचायला आलेल्या बाईच्या अंगावर ते पऱ्हाटीतून धावून आलं. तिच्या मांडीला चौदा टाके पडले. दवाखान्याचा खर्च मी केला, पण त्यानं काही फिटत नाही. साठ पावलांवर ती बंदूक काय करते हे मला ठाऊकच नव्हतं. आजोबा म्हणायचे, "शंभर पावलं मारते", तेवढ्यावर मी चाललो होतो. एकतीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलं आणि घरातल्या वस्तूचं एक साधं मोजमाप केलं नाही, याची खंत आहे. निवृत्त झाल्यावर पहिलं काम हे हाती घेतलं.

हे सगळं जिल्ह्याच्या ठिकाणच्या रेंजवर रीतसर परवानगी काढून, तिथल्या प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली, दोन रविवारी केलं. कोणीही हे वावरात करू नये.

वेग मोजायचं यंत्र विकत मिळतं, पण माझ्याजवळ नव्हतं. म्हणून जुनी रीत धरली : लंबक. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानं १७४२ साली हीच रीत मांडली. टांगलेल्या जड ठोकळ्यात गोळी रुतू द्यायची, ठोकळा किती मागे झुलला ते मोजायचं, आणि संवेग अक्षय्यतेच्या नियमानं गोळीचा वेग काढायचा. बारावीचं गणित आहे. (हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा इंजिनिअर म्हणून आपल्याकडे आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला. मी हे वर्गात दरवर्षी सांगायचो, पोरं तेवढ्यापुरती जागी व्हायची.)

गावच्या सुतारानं आंब्याच्या फळ्यांचा खोका करून दिला. समोरची बाजू उघडी ठेवून तिथे गोणपाट ठोकलं आणि आत आपलीच काळी माती, थोडी ओली करून, मोगरीनं ठासून भरली. कापसाच्या काट्यावर वजन बरोबर २० किलो केलं. चार दोरांनी टांगला, म्हणजे खोका आडवा न फिरता सरळ मागेपुढे झुलेल. दोराची लांबी २ मीटर. मागे एक हलकी काडी पट्टीवर टेकवली. खोका मागे सरकला की काडी ढकलली जाते आणि तिथेच राहते.

गोळी शिशाची, १५ मिलिमीटर व्यासाची, वजन २० ग्रॅम. नळीचा व्यास १५.६. या मापांनी हिशेब सोपा होतो : काडी एक सेंटीमीटर सरकली म्हणजे गोळीचा वेग सेकंदाला साधारण २२ मीटर.

पहिल्या रविवारी आजोबांच्या पद्धतीनं भरलं. दारू अंदाजानं, मग गज (ठासायचा दांडा) नळीत टाकून बाहेर किती बोटं उरला ते पाहायचं. पाच बार काढले. काडी सरकली ती १२.१, १५.८, १३.४, १६.६ आणि ११.७ सेंमी. म्हणजे वेग २६८, ३५०, २९७, ३६८, २५९ मीटर. सरासरी ३०८, पण सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात मंद गोळीत १०९ मीटरचा फरक!

दुसऱ्या रविवारी पितळेचं एकच ठरावीक माप वापरलं, प्रत्येक वेळी काठोकाठ भरून कडेनं सपाट केलेलं. गजावर खूण केली, गोळी दारूवर पूर्ण टेकली की ती खूण नळीच्या तोंडाशी यायलाच हवी. दर बारानंतर नळीतून ओली चिंधी आणि मग कोरडी चिंधी फिरवली. वेग आला ३३५, ३४६, ३२८, ३४१, ३३९. सरासरी ३३८, फरक १८ मीटर. बंदूक तीच, दारू तीच, गोळी तीच. काडतुसाच्या बंदुकीत कारखान्यानं मोजून भरलेला बार असतो. ठासणीत प्रत्येक वेळी काडतूस आपण स्वतः बनवतो, म्हणून लंबकानं मोजला तो माझा हात.

इथपर्यंत मी खूश होतो. मग ४० मीटरवर कागद लावला, मेजावर वाळूच्या पोत्यावर बंदूक टेकवली, आणि दोन्ही पद्धतींनी दहा-दहा गोळ्या मारल्या. आजोबांच्या पद्धतीत सगळ्यात दूरच्या दोन भोकांमधलं अंतर ५२ सेंमी. मोजून भरल्यावर ३३ सेंमी.

आता अडतं इथे. वेगातल्या १०९ मीटरच्या फरकानं ४० मीटरवर गोळी फार तर सहा सेंटीमीटर वर-खाली होते, हे गणितानं निघतं. मग बाकीचा विखुरा कुठून आला? आणि वेग जवळपास एकसारखा झाल्यावरही ३३ सेंमी का? जाणकारांनी लिहावं. दारूचं वजन मी मुद्दाम दिलेलं नाही, दुसऱ्याच्या नळीला ते धोक्याचं ठरू शकतं.

जागल्या

सर, तुमी गोळीचा वेग मोजला, पण चिंधी पाह्यली काय? आमचा बाबा बार काढला का पहिले समोर जाऊन चिंधी शोधे. दहा-पंधरा पावलांवर पडलेली असते. गोळीभोवती गुंडाळलेली चिंधी अख्खी सापडली, मधात फक्त काळा गोल अन् कडा साबूत, तं बार नीट बसला. मधात भोक पडलं, कडा जळून चिरल्या, तं समजायचं का दारूचा जाळ गोळीच्या बाजूनं निसटून गेला. मंग ती गोळी कुठं जाईन ते तिलेच ठाऊक.

माही बंदूक बाबाच्या हातची, आर्वीकडची. संत्र्याच्या बागेत डुकरं लय. १५.६ ची नळी अन् १५ ची गोळी म्हणता, मंग चिंधी कायची लावता? धोतराची असन तं पातळ पडते. मांजरपाट लावून पाहा.

अन् गोळी दारूवर टेकली पायजे हे तुमी लिहिलं ते लाखाचं. मधात हवा राहिली तं नळी फुगते. आमच्या पंचक्रोशीत एकाची फुगलेली नळी म्या डोळ्यानं पाह्यली हाय, अजगरानं काही गिळल्यासारखी.

सातासमुद्रापार

काळीमाती सर, लेख तीनदा वाचला. मी मूळचा वरूडचा, आता पेनसिल्व्हानियात असतो. इथे ठासणीच्या बंदुकांचा हरणाच्या शिकारीचा वेगळा हंगाम असतो, तोही गारगोटीच्या चापाच्या बंदुकांचा. त्यामुळे हौशी लोक पुष्कळ, आणि मोजमापाचं वेडही.

तुमच्या आणि माझ्या बंदुकीत मुख्य फरक म्हणजे माझ्या नळीत आटे (आतून कोरलेल्या पीळदार खाचा) आहेत. गोळी अर्ध्या इंचाहून किंचित लहान, वजन १७७ ग्रेन, म्हणजे साडेअकरा ग्रॅम. आट्यांचा पीळ ६० इंचांत एक फेरा. गोल गोळीला असा सावकाश पीळ लागतो, लांबट गोळीला त्याहून बराच घट्ट. माझा वेग सेकंदाला साधारण १७०० फूट येतो. पाच फुटांत एक फेरा म्हणजे गोळी सेकंदाला ३४० वेळा स्वतःभोवती फिरत जाते. पन्नास यार्डांवर पाच गोळ्या दोन-सव्वादोन इंचांत बसतात, आणि मी काही मोठा नेमबाज नाही.

मी वेग मोजायला प्रकाशाचं यंत्र वापरतो. दोन पडद्यांवरून गोळीची सावली सरकते, मधल्या वेळावरून वेग निघतो. पहिल्या दिवशी त्यानं वेग दाखवला ३१०० फूट! काळ्या दारूच्या ठासणीच्या बंदुकीला हे अशक्य आहे. यंत्र नळीच्या फार जवळ ठेवलं होतं. धूर, न जळलेल्या दारूचे कण आणि उडालेली चिंधी यांनीच पडदे चाळवले. पंधरा फूट लांब नेलं तेव्हा आकडे शहाण्यासारखे यायला लागले. हल्ली रडारवर चालणारी लहान यंत्रं आली आहेत, त्यांना धुराचा त्रास नाही.

म्हणून एक शंका. लंबक नळीपासून किती अंतरावर होता? जवळ असेल तर दारूच्या वाऱ्यानंच खोका ढकलला गेला असेल.

दुसरी शंका, गोळी मातीत शिरताना ढेकळं मागे उडाली का? उडाली असतील तर खोक्याला जास्तीचा धक्का बसतो आणि वेग खऱ्यापेक्षा जास्त दिसतो.

काळीमाती

दोन्ही शंका रास्त. खोका नळीपासून ८ मीटरवर होता. खात्रीसाठी एकदा गोळी न घालता नुसती दारू आणि चिंध्यांचा डाट भरून बार काढला, काडी जागची हलली नाही. ८ मीटरात हवेच्या रोधानं गोळीचा वेग दहा-एक मीटरनं कमी होतो, म्हणजे नळीच्या तोंडाशी वेग ३४८ च्या आसपास धरायला हरकत नाही.

ढेकळांचं मात्र तुम्ही बरोबर पकडलंत. पहिल्या दिवशी गोणपाट एकपदरी होतं, गोळी शिरली की मुठीएवढी माती समोर सांडायची. दुसऱ्या रविवारी गोणपाट चौपदरी करून ताणून बांधलं, मग भोक फक्त रुपयाच्या नाण्याएवढं पडायचं आणि माती आतच राहायची. म्हणजे पहिल्या दिवसाचे आकडे थोडे फुगलेले असणार.

आणखी एक चूक माझी मलाच सापडली. एप्रिलचा महिना, सकाळी आठला वजन केलेला खोका साडेअकराला परत काट्यावर ठेवला तर ३०० ग्रॅमनं हलका! ओल्या मातीतलं पाणी उडून गेलं. आत पाच गोळ्यांचं १०० ग्रॅम शिसं जाऊनही हलका. दीड टक्क्याची चूक वेगातही तेवढीच चूक करते, म्हणजे पाच मीटर. आता दर बाराआधी वजन करतो.

जागल्या भाऊ, चिंध्या शोधल्या नव्हत्या. पुढच्या रविवारी तेच काम आधी.

आकडेमोड

सर, मी संख्याशास्त्र शिकवते, बंदुकीतलं मला काही कळत नाही, म्हणून फक्त आकड्यांबद्दल बोलते.

सगळ्यात दूरच्या दोन भोकांमधलं अंतर हे माप दहापैकी आठ गोळ्यांची माहिती फेकून देतं. एक गोळी वाकडी गेली की सगळा निकाल बदलतो. शिवाय जितक्या जास्त गोळ्या माराल तितकं ते वाढतच जातं, त्यामुळे पाच गोळ्यांचा कागद आणि दहा गोळ्यांचा कागद यांची तुलनाच होत नाही. त्याऐवजी दहाही भोकांचा मध्यबिंदू काढा, प्रत्येक भोकाचं त्या मध्यापासूनचं अंतर मोजा आणि त्यांची सरासरी घ्या. आलेखाच्या कागदावर अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि आडवा विखुरा व उभा विखुरा वेगळे मोजा. वेगातला फरक गोळीला फक्त वर-खाली करेल, डावी-उजवीकडे नाही. तुमच्या कागदांवर आडवा विखुरा उभ्याइतकाच असेल, तर दोषी वेग नाही हे तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

काळीमाती

ताई, रात्री जेवण झाल्यावर कंदिलासारखा एक दिवा लावून दोन्ही कागद मोजले, वीज गेली होती. मोजून भरलेल्या दहा गोळ्यांचं मध्यापासूनचं सरासरी अंतर १०.७ सेंमी. आणि आडवा विखुरा उभ्यापेक्षा दोन सेंटीमीटरनं जास्तच भरला. वेग निर्दोष सुटला म्हणायचा.

गाविलगड

मी इतिहासाच्या बाजूनं एक सांगतो. २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावला नागपूरकर भोसले आणि शिंद्यांची फौज इंग्रज सेनापती वेलस्लीशी लढली, आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. कंपनीच्या पायदळाच्या हातात त्या काळी ब्रिटिश घडणीची गुळगुळीत नळीची मस्केट असे. तिची नळी पाऊण इंचाची आणि गोळी त्याहून सुमारे सहा शतांश इंच लहान, म्हणजे दीड मिलिमीटर मोकळी. लढाईच्या धामधुमीत, नळी काजळीनं माखलेली असताना गोळी झटकन खाली जावी म्हणून ती मुद्दाम सैल ठेवत. त्याची किंमत नेमात मोजावी लागे. म्हणून रांगेनं उभं राहून एकदम फैर झाडायची. एकट्या शिपायानं एकट्या माणसाला टिपणं हा त्या हत्याराचा हिशेबच नव्हता.

सरांची गोळी ०.६ मिमी मोकळी आहे, मस्केटपेक्षा बरी. पण चिंधीनं ती जागा नीट भरली नाही तर गोळी नळीत या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत बाहेर पडणार आणि शेवटी ज्या भिंतीला घासली तिच्या उलट दिशेला तोंड करून निघणार.

सातासमुद्रापार

याला जोडूनच. भिंतीला घासून गोळी नुसती दिशा बदलत नाही, तिला फिरकीही मिळते, आणि ती फिरकी दर बाराला वेगळी. ऑफस्पिनरचा चेंडू टप्पा पडायच्या आधी हवेतच सरकतो, तसंच. आट्यांची नळी फिरकी काढून टाकत नाही. ती प्रत्येक गोळीला एकच, ठरलेली, उड्डाणाच्या दिशेभोवतीची फिरकी देते. त्यामुळे गोळीचा हवेतला कल एकसारखा राहतो आणि गोळीतला एखादा पोकळ बुडबुडा किंवा साच्याचा उंचवटा फिरून फिरून सगळ्या बाजूंना सारखा वाटला जातो.

सरांच्या रॉबिन्सनंच हे दाखवलं होतं. त्यानं नळीचं टोक एका बाजूला वाकवलं आणि पुढे पातळ कागदाचे पडदे लावले. गोळी आधी वाकवलेल्या बाजूला गेली आणि पुढे उलट बाजूला वळत गेली. नळीच्या आत ज्या भिंतीवरून ती लोळत आली तिथे मिळालेली फिरकी तिला वळवत होती.

काळीमाती

हे वाचून अंगावर काटा आला. एकतीस वर्षं लंबक शिकवला, रॉबिन्सचं नाव घेतलं, आणि त्याच माणसानं माझ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन ठेवलं होतं.

कायदेशीर

वाचणाऱ्यांत परवानाधारक शेतकरी असतील म्हणून थोडं. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला वाटलं तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. आटे पाडलेली नळी हा वेगळा विषय, आपल्या जुन्या बंदुकीत कोणाकडून आटे पाडून घेणं हा गुन्हा ठरेल, ते डोक्यातूनही काढा. आणि पिकाचं नुकसान होतंय एवढ्यावर प्राणी मारता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. सरांनी ती घेतली होती, रेंजची परवानगीही घेतली, म्हणून हा धागा वाचायला बरं वाटलं. मालक वारला की परवाना आपोआप मुलाकडे येत नाही, बंदूक आधी जमा करून स्वतःच्या नावानं अर्ज करायचा असतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं.

जागल्या

वकीलसाहेब, इलेक्शन लागलं का आमची बंदूक ठाण्यात जमा होते अन् नेमकी तूर उभी असते. पण नियम तो नियम, आमी जमा करतो. सर, मांजरपाटाचं काय झालं?

काळीमाती

तिसरा रविवार झाला. सविस्तर लिहितो.

आधी जुन्याच चिंधीनं पाच बार काढले आणि समोर जाऊन चिंध्या गोळा केल्या. जागल्या भाऊंनी न पाहता सांगितलं ते तंतोतंत! पाचपैकी चार चिंध्यांना मधोमध भोक, एकीच्या तर नुसत्या दोन फाकळ्या उरलेल्या. कडेला ठिणग्यांनी पडलेली बारीक छिद्रं. एक उचलली तेव्हा अजून कोमट होती.

मग मांजरपाट. बाजारातून आणलेलं नवं कापड धुऊन त्याची खळ काढली, मधमाशीचं मेण आणि एरंडेल एकत्र पातळ करून त्यात भिजवलं. गोळी बसवताना जोर लागतो, गजानं एकदम ढकलता येत नाही, आधी आखूड दांड्यानं तोंडाशी दाबून मग गज. या चिंध्या उचलल्या तर अख्ख्या. मध्ये रुपयाएवढा काळा डाग, बाहेरची कड पांढरी, आणि डागाभोवती कापडाची वीण मोजता येईल इतकी शाबूत. पाचही एकमेकींवर ठेवल्या, डाग डागावर बसला.

एक अडचण उन्हाची. बेचाळीस अंशांत काजळी नळीत खरपुडीसारखी कडक होते. काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग जळून घनरूपच उरतो, त्यातला काही धुरातून बाहेर जातो, बाकीचा नळीत बसतो. पावसाळ्यात तो ओला, मऊ असतो. एप्रिलमध्ये मांजरपाट लावलेली तिसरी गोळी अर्ध्यावर अडली. जोर करून मारली नाही. प्रशिक्षकांच्या मदतीनं ती काढली, त्यात पाऊण तास गेला. त्यानंतर दर बाराला दोन ओल्या आणि दोन कोरड्या चिंध्या, आणि सकाळी दहाच्या आत काम आटोपायचं. ओली चिंधी फिरवल्यानं आत धुमसणारी ठिणगीही विझते. तरी नवी दारू घालायच्या आधी मिनिटभर थांबतोच. संध्याकाळी घरी आल्यावर आधी नळीला कढत पाणी, मग मला चहा. काजळी हवेतली ओल खेचते आणि एका रात्रीत गंज धरते.

निकाल. ४० मीटरवर दहा गोळ्या, दूरच्या दोन भोकांत २१ सेंमी, मध्यापासून सरासरी ६.८. म्हणजे ५२ वरून ३३ आणि ३३ वरून २१. वेग मात्र फारसा बदलला नाही, सरासरी ३४४, म्हणजे सहानं वाढला एवढंच.

भाच्यानं एक वेगळी पडताळणी केली. ५० मीटरवर लोखंडी पत्रा टांगला, मोबाइल बंदुकीजवळ ठेवून आवाज रेकॉर्ड केला, आणि संगणकावर बाराचा आवाज आणि पत्र्याचा टणत्कार यांच्यातला वेळ मोजला. ०.३०० सेकंद. त्यातून पत्र्याचा आवाज परत यायला लागलेला वेळ वजा करायचा. त्यानं पुस्तकातला ध्वनीचा वेग धरला, ३४० मीटर, आणि गोळीचा सरासरी वेग काढला ३२७. मी म्हटलं, अरे, पारा अडतीसवर आहे. हवा तापली की ध्वनी जोरात जातो, अडतीस अंशांना ३५४. तो धरला तर ३१५ येतो. लंबकानं आठ मीटरवर सांगितलेला वेग पुढे हवेच्या रोधानं कमी होत गेला, तर ५० मीटरांची सरासरी एवढीच यायला हवी. दोन अगदी वेगळ्या रीतींनी तोच वेग आला, तेव्हा भाचा आणि मी एकमेकांकडे पाहतच राहिलो. थंडीतल्या पहाटे, पंधरा अंशांना, ध्वनी ३४० च्या आसपास जातो, म्हणजे तेव्हा हीच गोळी नळीतून निघताना ध्वनीच्या पुढे असणार आणि या उन्हात त्याच्या जवळपास बरोबरीनं.

आकडेमोड

सर, ६.८ सरासरी म्हणजे साधारण निम्म्या गोळ्या त्याहून दूर पडणार हे ध्यानात ठेवा. तुम्हाला हवं आहे ते "प्रत्येक गोळी आतच" असं अंतर.

काळीमाती

हो ताई, शेवटचं काम तेच केलं. डुकराच्या छातीतली जागा, जिथे गोळी लागली तर ते तिथेच बसतं, मी १५ सेंमीच्या वर्तुळाएवढी धरली. ४० मीटरवर दहातल्या तीन गोळ्या त्या वर्तुळाबाहेर. ३० वर एक बाहेर. २५ मीटरवर वीस गोळ्या मारल्या, दोन सकाळी मिळून. सगळ्या १२ सेंमीच्या आत. आणि हे मेजावर, पोत्यावर टेकवून, उजेडात. जागलीवरच्या अंधारात, थंडीनं बोटं आखडलेली असताना, एवढंही धरता येणार नाही, म्हणून मी २० मीटर धरतो.

साठ पावलं म्हणजे माझी ४५ मीटर. त्या रात्री आजोबांच्या मापानं भरलेला बार होता, धोतराची चिंधी होती. आता मला माहीत आहे की गोळी कुठे लागेल हे त्या रात्री कोणालाच सांगता आलं नसतं.

काल सोयाबीनच्या वावरात मचाणापासून चारी बाजूंना २० मीटर दोरीनं मोजून दगड रोवले आणि त्यांना चुना लावला, रात्री दिसावा म्हणून. शेजारच्या वावरात ती बाई निंदायला आली होती. तिनं विचारलं, "सर, हे काहून लावले?" सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, आणि तिच्या धुऱ्याकडच्या बाजूला एक दगड गवतात झाकला जात होता, त्याच्याभोवतीचं गवत विळ्यानं काढून दिलं.

जागल्या

सर, गजावरची खूण कायनं केली? कानसीनं केली तं गज तिथून मोडते. तांब्याची तार गुंडाळावी म्हणतो मी.

काळीमाती

कानशीनंच केली होती भाऊ. आजच तार गुंडाळतो.